धडा

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, के गल्लीत,
नव्या काट्याला चार बटणं.
तीन कळतात.
चौथ्यावर इंग्रजीत लिहिलंय: टेअर.
पेटी ठेवायची, ते दाबायचं,
आकडा शून्य होतो.
पेटी तिथंच असते, फक्त मोजली जात नाही.

दादा याला धडा म्हणायचे.
भिवाजी कोंढाळकर, तोलार, बिल्ल्यावरचा नंबर पुसट.
एका पारड्यात रिकामं पोतं,
दुसऱ्यात त्याच्या तोलाचे दगड, खिळे,
एकदा माझी चप्पल.
"धडा चुकला की माल खोटं बोलतो."
मी दुसरीत. मला वाटलं, पुस्तकातला.

शब्द कुठला, म्हणून रात्री कोशात शिरलो.
इंग्रजीनं तो फ्रेंचांकडून उचललेला,
फ्रेंचांनी इटलीच्या पेढ्यांवरून.
तिथं तो तारा, आकाशातला नव्हे.
त्याच्याही खाली खणलं तर वाळू लागली,
आणि पुढचं मला वाचता येईना.

खजूरवाले हसनमियाँ परकार
चष्मा कपाळावर ढकलतात,
बिलाच्या पाठीवर उजवीकडून डावीकडे
तीन अक्षरं: तोय, रे, हे.
"तरह. म्हणजे टाकणं. फेकून देणं."
वेलचीच्या धुळीनं शिंकतात. मग म्हणतात,
"पाया टाकतात, तेही टाकणंच की.
त्यातनंच तुमची तऱ्हा."

तऱ्हा!
आई दिवसातून चारदा म्हणते,
काय एकेकाची तऱ्हा.
एक भाऊ गलबतातून पश्चिमेला गेला
आणि बटण होऊन परतला.
दुसरा फारसी दप्तरांतून चालत
आमच्या चुलीपाशी येऊन बसला.
दोघं आता एकाच गाळ्यात.
ओळख नाही.

दोन वर्षांचा होतो तेव्हा, आई सांगते,
मी काट्यावर ठरायचो नाही.
दादा मला कडेवर घेऊन उभे राहायचे,
मग मला खाली सोडून एकटे.
यातून ते वजा, उरलो तो मी: अकरा किलो.
वहीत अकरा आहे.
दादांचा आकडा कुणी लिहिला नाही.

संध्याकाळी माल उतरवतो.
शेवटी पेटीही उचलली
की काटा शून्यावर थांबत नाही.
लाल आकड्यांत दाखवत राहतो
उणे दीड,
दुसरं कुणी काही ठेवेपर्यंत.