बुडालेली क्रमांक तीन

मे महिन्यात रंगीत तालीम झाली.
वैनगंगेला तेव्हा घोट्याइतके पाणी,
रेतीतल्या टरबुजाच्या वाड्या अजून उठल्या नव्हत्या,
आणि तहसीलच्या कागदावर लिहिलेले :
पूर. वेळ सकाळी अकरा.

बुडायला माणसे हवी होती.
मी कोतवाल, मीच नावे दिली.
क्रमांक एक, ग्रामपंचायतीचा शिपाई.
दोन, बारावीत बसलेला अंकुश.
तीन, पंचफुला नान्हे,
कारण ती घाटावर कपडे धूतच होती.

"ओरडा," साहेब भोंग्यातून म्हणाले.
घोट्याइतक्या पाण्यात फतकल मारून ती ओरडली,
"वाचवा जी, बुडली मी!"
काठावरचा अख्खा चिखलटोला हसला.
केशरी जाकिटातला पोरगा मात्र हसला नाही.
त्याने तिला उचलले, रेतीत निजवले,
नाडी पाहिली, वेळ लिहिली : सतरा मिनिटे.
मग पोरांना दाखवले,
रिकाम्या बाटल्या ओढणीत बांधल्या की
माणूस कसा तरंगतो.
शाळेच्या भिंतीवर लाल रेघ मारली.
चहा झाला. फोटो झाला. सह्या झाल्या.
मला एक शिट्टी मिळाली, पोचपावती देऊन.
ती खुंटीला गेली.

ऑगस्टात, रात्री एक वाजून दहा मिनिटांनी
तलाठी मॅडमचा फोन.
"डोमाभाऊ, धरणाचे एकोणीस दरवाजे..."
आणि टॉवर गेला.
वाक्याचा उरलेला भाग
मला पायाखाली ऐकू आला.

नियंत्रण कक्षात कुणीतरी जागे असेल,
खालच्या गावांना एकेक करून फोन लावत,
हे लागले, हे लागत नाही,
चिखलटोला : निरोप अर्धा.

अर्ध्या निरोपावर मी निघालो.
डफडे भिजलेले, बोलेना.
शिट्टी फुंकली.
कागदावर होते : प्रथम वृद्ध, गरोदर, आजारी.
कागदावर नव्हता
बहिरा झिबल म्हातारा, जो शिट्टीला उठत नाही,
म्हशी, ज्यांना कुणी क्रमांक दिला नव्हता,
आणि काळोख. तालीम उन्हात झाली होती.

तरी पाय शिकले होते.
नाल्याची वाट कुणी धरली नाही.
मोहाच्या झाडाकडून, हाताला हात, सगळे शाळेत.
अंकुश बाटल्यांची माळ गळ्यात घालून
झिबलला पाठुंगळी आणत होता.

मोजले. दोनशे अकरा हवे, दोनशे दहा.
पुन्हा मोजले, नावे घेऊन.
पंचफुला नव्हती.
बकऱ्या सोडायला गेली होती.

बोट ट्रकवर, ट्रक पुलाअलीकडे, पूल पाण्याखाली.
मग नान्हेंचा डोंगा सुटला,
ज्याची नोंद साधनसामग्रीच्या कुठल्याच यादीत नव्हती.
मी पुढे टॉर्च धरून.
ती कवेलूंवर बसलेली, दोन बकऱ्या कवेत,
आणि ओरडत नव्हती.
एवढेच मला अजून दिसते.
मे महिन्यात केवढी ओरडली होती.

दुपारी बोट आली. तोच पोरगा,
तीन गावे करून, दोन रात्रींचा जागा.
शाळेच्या भिंतीपाशी थांबला.
पाणी उतरले होते, ओल लाल रेघेच्या वीतभर वर.
काही बोलला नाही.
विटेचा तुकडा उचलला
आणि ओलीच्या कडेने नवी रेघ ओढली.

पंचनामा झाला.
घरे एकोणचाळीस. म्हशी सहा.
मनुष्यहानी निरंक.
तो शब्द लिहिताना मॅडमने
पेन दोनदा झटकले.

यंदा मे महिन्यात पुन्हा कागद आला.
वेळ सकाळी अकरा.
मी वर लिहून पाठवले, रात्री घ्या.
उत्तर अजून नाही.
यादीत डोंगा घातला, समासात, पेनाने.
मग पंचफुलाकडे गेलो.
ती जाळे विणत होती, मान वर केली नाही.
"बुडत नाई मी आता, डोमाभाऊ.
दुसरी पाहा कोनी.
मले शिट्टी द्या."