लिफाफा क्रमांक एक

दोन लिफाफे असतात.
दुसऱ्यात दर. तो उघडायचा की नाही
हे पहिला ठरवतो.
पहिल्यात आपण कोण ते सांगायचं,
म्हणजे सांगायचं नसतं, जोडायचं असतं.

एरंडोल नाक्यावरच्या नेट कॅफेत मी बसलेय,
डिजिटल सहीचा डोंगल ओढणीच्या टोकाला बांधून.
बाप बाहेर मोटारसायकलवर,
सीएचा दाखला फक्त कोपऱ्याला धरून,
सिमेंटचं बोट उमटू नये म्हणून.

नगरपरिषद, पारोळा. भूमिगत गटारीवरील
आरसीसी झाकणे पुरविणे, नग सहाशे चाळीस.
तीन वर्षांची उलाढाल. जोडली.
बयाणा. आईच्या पाटल्यांवर भरला.
ऐपतीचा दाखला: तलाठी येऊन गेला,
भिंती मोजल्या, पत्र्याची शेड, लोखंडी साचे,
वाळूचा ढीग धरला नाही, ती वाहून जाते म्हणाला.
ऐपत निघाली चार लाख दहा हजार.
त्या रात्री बाप ताटावर बसत आईला म्हणाला,
"चार लाखना माणूसले वाढी दे."

मग पाचशेच्या स्टॅम्पवर शपथ.
मी, झुलाल धुडकू भोई, वय सत्तावन्न,
कोणत्याही संस्थेच्या काळ्या यादीत नाही.
नोटरीने विचारलं, खरं ना?
बाप म्हणाला, कोणत्याच यादीत नाही, साहेब.

अट क्रमांक नऊ.
तत्सम स्वरूपाचे काम केल्याचे
सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र.

तत्सम.
कोर्टापासून बाजारपेठेपर्यंत गाव ज्यांच्यावरून चालतं
ती झाकणं आमच्या अंगणात पाणी प्यायली.
एकवीस दिवस आई गोणपाटं भिजवायची,
शाळेत जाताना मी त्यांच्यावरून उडी मारायचे,
एकदा चुकले, टाचेसकट एक झाकण तसंच गेलं.
ठेकेदार ट्रॅक्टर आणायचा, रोख मोजायचा.
बिल त्याचं, मोजमाप पुस्तकात नाव त्याचं,
अनुभवसुद्धा त्याचाच.
तोही भरतोय या वेळी.
सकाळी फोन आला: झुलालभाऊ, नगाला काय लावू?

मी चिडून म्हटलं, तुमचं नाव कुठेच नाही.
"शे ना," बाप म्हणाला, "खाले शे."

झाकणाच्या पोटावर, ओलं असताना, खिळ्याने:
झु. धु. भो. आणि साल. प्रत्येकाच्या.
वर का नाही लिहिलंत?
"वरनं घसाई जास."

काल दुपारी, वर्दळ नसताना,
शिंपी गल्लीतलं एक आम्ही पहारीने उलटं केलं.
झुरळं पांगली. खराट्याने घासल्यावर
२०११ वर आलं.
फोटो काढला. बापाने ते पुन्हा बसवलं,
वर उभा राहून दोन्ही पायांनी डुगडुगतंय का पाहिलं,
कडेला चिंधी सारली, मग निघाला.

सव्वाचार झालेत. पोर्टल पाचला बंद.
'इतर कागदपत्रे, असल्यास' असा एक रकाना आहे,
त्याला गुण नाहीत.
फोटो जड आहे. घेत नाही.
मी लहान करते. अजून लहान.
घेतला.

साल दिसतं. झु दिसतो.
पुढचं माहीत असेल
त्यालाच वाचता येईल.