रोस

सांत आंतोनाकडे मी माझा रंग मागितला होता.
हरवलेलं तो शोधून देतो म्हणतात.
नऊ मंगळवार, नऊ मेणबत्त्या.
आईची छत्री सापडली,
मामाचा पासपोर्ट सापडला, तांदळाच्या डब्यात.
माझ्या मनगटावरचा रंग तेवढा
परत आला नाही.

पहिला डाग बाराव्या वर्षी,
करंगळीपाशी, तांदळाच्या कणीएवढा.
मग हाताची पाठ, कोपर, मानेची डावी बाजू.
कुडतरीच्या इगर्जीला चुना देताना
कुणीतरी कुंचला माझ्यावर झटकला असावा
आणि सॉरी म्हणायला विसरला असावा.

त्या नाताळात मला देवदूतांतून काढलं.
पंख शिवून झाले होते, ते धाकट्या रुफीनाला बसले.
मला मेंढपाळ केलं, डोक्यापासून पायापर्यंत कांबळं.
सिस्टर म्हणाल्या, गोठ्यात पहिले मेंढपाळच तर पोचले.
खरं होतं ते.
तरी कांबळं टोचत होतं.

तेव्हापासून लांब बाह्या,
मे महिन्यातल्या मिसेलासुद्धा.
शांतीसाठी शेजारणीचा हात हातात घ्यायची वेळ आली
की मी बोटांची टोकं द्यायचे.
शांती तुझ्याबरोबर असो,
टोकांपुरती.

बावचीचं तेल आई कापसानं लावायची,
स्वतःचं बोट न लागू देता.
रिट्रीटला आलेले पाद्री म्हणाले,
देव बाहेरचं बघत नाही.
मी मागच्या बाकावर होते.
मनात म्हटलं, मग बाहेरचं केलं कुणी?

काल मामाच्या घरी चुडा भरायला
म्हार्दोळचे शाणू काकणकार आले.
चुड्यापुढे लांब बाहीचं काही चालत नाही.
मी हात पुढे केला, डोळे मिटले,
दाताच्या डॉक्टरपुढे मिटतात तसे.
त्यांनी पंजा दाबला, अंगठ्याचं हाड जोखलं,
म्हणाले, "सव्वादोन."
एवढंच.
हिरवी, पिवळी, तांबडी काच
डागांवरून सरकत गेली,
कुठेच न अडता.

आज रोस.
मागच्या दारी सहा नारळ पिळले.
आत्या, काक्या, वाड्यावरच्या बायका,
वेर्णेहून आलेली, कुणाची कोण ते न कळलेली एक म्हातारी,
सगळ्यांनी मिळून डोक्यावरून दूध ओतलं
आणि एक क्षण मी सबंध पांढरी झाले.
एकाच रंगाची.
सांत आंतोना, ऐकलंस म्हणायचं,
पण उलट्या बाजूनं!
मला हसू फुटलं. त्यांना वाटलं, गुदगुल्या.
मग दूध ओघळलं,
आणि मी परत आले, तुकड्यातुकड्यानं.

शेवटी किटेरिया मावशी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
वाटी चाचपत आली,
खांद्यापासून नखांपर्यंत चोळत राहिली.
मध्येच थांबली.
"कुठे गं तुझे ते डाग? हाताला लागत नाहीत."
मी तिचं बोट धरून एकावर ठेवलं.
"हा?"
मग शेजारी, जिथे नव्हता तिथे.
"आणि हा?"
"मेल्या, सगळी एकच तर कातडी!"

एकोणीस वर्षं मी नुसती बघत होते.
हात लावला नव्हता.

तेर्स संपल्यावर मी आल्ताराकडे काही मागितलं नाही.
सुचलंच नाही.
दोन्ही हात वातीच्या उजेडात धरले,
कोपरं, मनगटं, सगळं.
आई सायबिणी, हे बघ.
मीही बघते आहे.

पहाट. न्हाणीच्या दगडावर मुंग्यांची रांग,
रोस राहिलाय कुठेतरी फटीत.
केसांना अजून नारळाचा वास.
खुंटीवर झगा,
आईनं लेस मनगटापर्यंत लावून घेतलीय,
वर पाकिटात हातमोजे.
हातमोजे चुड्यावरून चढत नाहीत.
बाह्या मात्र आहेत.

घर झोपलंय.
शिवणाच्या डब्यात शोधलं, कपाटावर शोधलं.
सांत आंतोना,
आणखी एकदाच,
कात्री.