पुठ्ठ्याचं गाव

बास्केटबॉलच्या मैदानात, पत्र्याखाली,
आम्ही तिनागो बारांगाय पुन्हा बनवलं.
पुठ्ठ्यावर पुठ्ठा, एक थर म्हणजे पाच मीटर उंची.
शाळेच्या पोरांनी ब्लेडने डोंगर कापला
आणि खळ सांडली थेट नदीच्या उगमावर.
नकाशातलं कळत नाही म्हणणारे म्हातारे
डोंगर बघताच वाकले, बोटाने वाट काढत निघाले:
हा झरा. हे डुकरांचं खुराडं, वादळाआधीचं.
आणि इथे तेओफिस्तो आणि त्याच्या मेव्हण्याचं बांधावरून भांडण,
त्याला काय खूण आहे तुमच्याकडे?

मी नगरपालिकेचा ड्राफ्ट्समन.
निळी लोकर नदीला, हिरव्या टाचण्या तिवरांना,
आणि लाल धागा किनाऱ्यापासून चाळीस मीटरवर,
त्याच्या पलीकडे घर बांधायचं नाही.
नियम माझा नाही.
धागा मीच धरला होता.

क्रिसांता बुलाबोस आली दोन पांढऱ्या टाचण्या घेऊन.
एक खोचली धाग्याच्या पलीकडे, पाण्यालगत,
दुसरी डोंगराच्या पायथ्याशी, मदतीच्या तंबूवर.
"घर एकच मोजायचं, नानाय," मी म्हणालो.
ती बराच वेळ उभी राहिली
आणि तंबूची काढली.

मग गाव ट्रकमध्ये चढलं. डोंगराचं टोक वाटेत दुमडलं.
नगरपरिषदेत तीन वाचनं:
पहिल्याला गणसंख्या नाही,
दुसऱ्याला वीज नाही,
तिसऱ्याला सगळे होते, आणि भाजलेलं डुक्कर होतं.
ठराव मंजूर. शिक्का. नऊ प्रती.
ही काळ्या दगडावरची रेघ, अध्यक्ष म्हणाले, टाळ्या झाल्या.

महिन्याभराने एक चिठ्ठी आली, सहीशिवाय,
आणि काळ्या दगडावरची ती रेघ
बर्फाच्या कारखान्यापाशी
मी समुद्राकडे जराशी वळवली.
एक सेंटिमीटर.
प्रमाण एकास दोन हजार. करा हिशेब.

कामं झाली नाहीत असं नाही.
बाजार विहिरीजवळ गेला, बायका म्हणाल्या होत्या तिथेच.
डोंगराचा रस्ता रुंद झाला, रुग्णवाहिका आता वर चढते.
निवाऱ्याची इमारत उभी राहिली,
रंग निवडणुकीआधी, दारं निवडणुकीनंतर.
तिवरांची सतराशे रोपं लावली, अर्धी जगली.
क्रिसांताचं घर पाडलं, तेही योजनेबरहुकूम.
तिला वर खोली मिळाली, नळ मिळाला,
पहाटे जाळी ओढायला यायचं तर तीनचाकीचे पंधरा पेसो.
बर्फाचा कारखाना आहे तिथेच आहे.
त्याच्या धुराड्यावर बगळे बसतात.

सुनावणीला ती आली.
पिशवीतून लाल धागा काढला,
पुठ्ठ्याच्या गावावरून सोडवून आणलेला,
जिथे जिथे टाचणी होती तिथे गाठ मारलेला.
माझ्या नकाशावर, माझ्या रेघेवर,
गाठीमागून गाठ, अंगठ्याने दाबत ती सरकत गेली.
कुणी बोललं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता.
कारखान्याचं वळण घेऊन
शेवटच्या खुणेपाशी पोचली
तर धागा अर्धं बोट कमी पडला.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.
बैठक गुरुवारी.
पुठ्ठ्याचं गाव माझ्या कपाटावर असतं,
डोंगराला उत्तरेकडून वाळवी लागली आहे,
पायथ्याशी तंबूचं भोक तेवढं शाबूत.
कचेरी रिकामी झाली की मी नकाशा उलगडतो.
ही शाई रबराने जात नाही.
ब्लेडने खरवडावी लागते, कागद फाटू न देता,
पोरं डोंगर कापत होती तशी,
जीभ दातांत धरून.