तळ नसलेला डबा

वनस्पती तुपाचा दोन किलोचा डबा.
झाकण आधीच हरवलेलं, तळ मी कापून घेतला
छावणीतल्या पत्रेवाल्याकडून, दहा रुपयांत.
इंदूरच्या कृषी महाविद्यालयात तेहतीस वर्षं
मी माती चाळली, वाळवली, तिला नंबर दिले;
तिच्यावर बसून कधी जेवले नव्हते.

चोरलच्या अलीकडे, घाट उतरायच्या आधी,
डावीकडची टेकडी चैत्रात जळाली.
तीन रात्री.
महूच्या बहिणीच्या गच्चीवरून लाल किनार दिसली,
आम्हाला वाटलं, कुणाच्या लग्नाची रोषणाई.

चौथ्या दिवशी राखेत डबा ठोकला,
पाणी ओतलं, घड्याळ लावलं.
पाणी उभंच.
एकेचाळीस मिनिटं, आणि त्यात माझाच चेहरा,
काठाला एक जळकी मुंगी.
रुमाल डावर, जंगलाचा चौकीदार, म्हणाला,
"मॅडम, जमीन रूठ गई."
मी म्हटलं, रुसली नाही रे. पानांतलं मेण
वितळून खाली गेलं, बोटभर खोल जाऊन थिजलं.
वरून काहीच आत जाऊ देत नाही आता.
बोलून झाल्यावर वाटलं,
रुसणं म्हणजे तरी दुसरं काय.

खात्याने ट्रकभर गुलमोहर पाठवला.
मी सही केली नाही, ट्रक परत गेला.
त्याऐवजी दाताळं. त्याऐवजी सोयाबीनचं भूस,
अर्धवट जळलेले सागाचे ओंडके
उताराला आडवे, पोटाशी दगड लावून.
गावातून बेचाळीस माणसं हलम्याला आली.
हलमा म्हणजे मजुरी नव्हे, उपकारही नव्हे;
माझ्या मराठीत शोधलं,
इर्जिक म्हणावं तर बैल नव्हते.

त्यांत नानबाई. सगळ्यांत सरळ चर तिचा,
जणू सुताने आखलेला.
तिसऱ्या दिवशी मक्याची भाकरी मोडताना
सहज म्हणाली,
"आग मीच लावली होती. मोहाखालची पानं तेवढी.
फूल दिसायला जमीन साफ लागते ना.
हवा पलट गई."
कुणाचं चावणं थांबलं नाही.
रुमालने लोणच्याची बाटली तिच्याकडे सरकवली.
माझ्या पिशवीत अहवाल,
सातवा रकाना: आगीचं कारण.
रात्री दिव्याखाली मी लिहिलं: वारा.

पावसाळा मी पाहिलाच नाही.
मोतीबिंदू काढला होता, डोळ्यावर हिरवी पट्टी,
राजेंद्रनगरच्या खोलीत फोन उशाशी.
"मॅडम, नाल्याला पाणी आलं."
"रंग?"
"काल काळा. आज चहासारखा."
"दुधाचा की बिनदुधाचा?"
तो हसला, फोन ठेवला.
पंधरा दिवसांनी त्यानेच केला.
एवढंच म्हणाला, "बिनदुधाचा."

माघात गेले, नव्या डोळ्यांनी.
आम्ही लावलेला खैर निम्मा मेला होता.
न लावलेला तेंदू बुंध्यातून फुटून
गुडघ्याला लागत होता.
ओंडक्यांवर वाळवीने मातीचे बोगदे चढवलेले;
गेल्याच वर्षी हिच्यापायी दाराची चौकट बदलली,
आणि इथे मी तिला वाकून बघत होते
पाहुण्याच्या बाळाला बघावं तशी.

डबा वैशाखात तिथेच विसरला होता.
उपटायला गेले, येईना.
कुसळीच्या मुळांनी आतून धरलेला,
गंजलेल्या कडेशी हिरवट केस.
तसाच राहू दिला, तसंच पाणी ओतलं.
यंदा चेहरा दिसेपर्यंत ते टिकलं नाही,
म्हणजे दिसला, पण अर्धाच.

नानबाई मागे उभी, कमरेवर रिकामी टोपली.
मोह पंधरा-वीस दिवसांवर आलेला.
"इंदूरहून येताना दोन खराटे आण," म्हणाली.
"फूल तर वेचावंच लागेल."

मी वही उघडली.
सहा मिनिटं.
खराटे, दोन.