कॅरम बोर्ड

फोनवर बाई म्हणाल्या, पेटतो हो,
पण चार मिनिटांत विझतो.
चारच? मी विचारलं.
म्हणाल्या, मोजलंय. डोक्याला शाम्पू असला की माणूस मोजतो.

विक्रोळी, कन्नमवार नगर, तिसरा मजला.
दारावर 'नाईकसाटम', त्याखाली खडूने
दूधवाल्याचा हिशेब.
मी पिशवी ठेवली, चपला काढल्या, गीझरसमोर उभा राहिलो.
आधी काही बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं,
हे मला मुबीन परकारने शिकवलं,
भांडुपला त्याच्या हाताखाली होतो तेव्हा.

सेल काढले. एकाच्या बुडाशी हिरवट मळ. पुसला.
ठिणगी नीट पडते: टक टक टक.
नळ सोडला. रबराचा पडदा फुगतो,
पिन पुढे सरकते, स्विच दाबला जातो.
भप्प.
पेटला.
बाई मागून म्हणाल्या, आता बघा.

मी पाण्याकडे बघत नव्हतो.
मी ज्योतीकडे बघत होतो.
दुसऱ्या मिनिटाला निळी होती,
तिसऱ्याला तिचं टोक पिवळं पडलं, लांबलं,
जणू काही शोधायला मान वर काढतेय.
मग गेली.

जळमटं काढली, बर्नर झाडला. पुन्हा तेच.
तेव्हा मागे वळलो आणि खिडकी दिसली.
म्हणजे दिसली नाही.
खिडकीच्या जागी कॅरम बोर्ड,
आठ खिळे, पावडरने गुळगुळीत झालेला,
मधलं लाल वर्तुळ अजून शाबूत,
आणि कोपऱ्यांच्या भोकांत, चारही, जुन्या बनियनचे बोळे.

समोर तेवीस मजले आले ना गेल्या वर्षी, बाई म्हणाल्या,
आणि पुढे बोलल्या नाहीत.
शर्वाणी आतल्या खोलीतून म्हणाली,
आई, त्यांना सांग, रविवारी माझं डोकं दुखतं ते.
केस धुते ना, बाई म्हणाल्या, सर्दी असेल.

गीझर बिघडलेला नाही, मी म्हणालो.
आत एक सेन्सर असतो,
हवा संपत आली की तो गॅस तोडतो.
ह्या घरात तेवढाच एक शुद्धीवर आहे.

बाई गप्प. मग हळूच:
मागचा माणूस म्हणाला होता,
ती वायर काढून दोन टोकं जोडली की झालं. तीनशे रुपये.

मला ठाऊक होतं. दहा मिनिटांचं काम.
कांजूरला मीही एकदा केलंय,
नवा होतो, नवरा-बायको घाईत होते, लग्नाला जायचं होतं,
काळी टेप गुंडाळली, पैसे घेतले, चहासुद्धा प्यालो.
त्या घरातून पुन्हा कधी फोन आला नाही.
चांगलं काम झालं की फोन येत नाही.
तेव्हा मी असंच समजलो.
आता त्या रस्त्याने गेलो
तर वर बघत नाही.

गॅसचा कॉक बंद केला, त्यावर चिकटपट्टी लावली.
खिडकीला तिरक्या काचपट्ट्या लावून घ्या,
हवा येते, नजर येत नाही,
टागोर नगरच्या कोपऱ्यावर आल्मेडाचं दुकान आहे, माझं नाव सांगा.
तोवर पाणी स्वयंपाकघरात तापवा.

किती झाले?
दीडशे.
पण तुम्ही तर काहीच केलं नाही!
त्याचेच, मी म्हणालो.
बाईंनी पाकिटातून काढले, दोनदा मोजले, दिले.
रागात होत्या. असू दे.

जिन्यात एका पायरीवर थांबलो, चपलेचा पट्टा नीट करायला.
वर कुठेतरी खिळा ओढल्याचा आवाज,
लाकडातून निघताना तो किंचाळतो तसा.
की शेजाऱ्यांचं काही चाललं होतं.
दुसऱ्या खिळ्यासाठी थांबलो.
खाली स्कूटर सुरू झाली,
मग काही ऐकूच आलं नाही.