पुढचा शब्द

हैमा. मस्कतहून सलालाला जाणारे लोक
इथे पेट्रोल भरतात, पाय मोकळे करतात आणि विसरतात.
पंपामागे पत्र्याची खोली, त्यात माझा उणे ऐंशीचा फ्रीझर,
फ्रीझरमध्ये दोनशे बारा नळ्या.
नळ्यांत लेंड्या.
आईला फोनवर एवढंच सांगते: सरकारी लॅब आहे, एसी आहे.

प्राणी पांढरा. शिंगं दोन, सरळ;
बाजूने पाहिलं तर एकच.
अरबीत त्याला म्हणतात महा.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थांबून राहिले,
पुढचं कधी येतंय म्हणून.
आपल्याकडे महा एकटा येत नाही,
महापूर, महामार्ग, महाप्रसाद,
काहीतरी लागतंच पुढे.
इथे शब्द तिथेच संपतो
आणि समोर नुसती खडी, खडीवर मृगजळ,
क्वचित खरोखरच त्यात एक मृग.

रानातला शेवटचा माझ्या जन्माआधीच मारला गेला.
हे सगळे पिंजऱ्यांतून परत आलेले, मूठभरांची लेकरं;
चुलत, मावस, आते, मामे, सगळे एकाच घरात.
माझं काम सोयरीक तपासायचं.
पत्रिका नाही, गोत्र नाही.
लेंडीवरचा आतड्याचा पातळ पापुद्रा खरवडायचा
आणि कोण कुणाचं ते वाचायचं.

बाबा दाजीपूरला वनमजूर होते.
बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून गवे मोजायचे.
एका गव्याला आगपेटीची एक काडी,
डाव्या खिशातून उजव्या खिशात.
एकदा पहाटे विडी पेटवण्याच्या नादात
तीन गवे जळाले.
साहेबांच्या वहीत एकोणीसच गेले.
ते हे सांगताना हसायचे.
मी अजून त्या तिघांना धरून मोजते.

गवा काळा, पायांत पांढरे मोजे.
महा पांढरा, पायांत काळे.
जणू कुणी निगेटिव्ह धरलीय उजेडासमोर.

मार्चमध्ये एकसष्ट नंबरच्या नळीचा निकाल आला.
मादी पिल्लू. आई सापडली, सोडलेल्या कळपातली बावीस नंबर.
बाप मात्र नोंदवहीतल्या चौतीस नरांपैकी कुणीच नाही.
मी तीनदा चाचणी केली.
म्हटलं, माझीच चूक, हातमोजा, घाम.
शेवटी रकान्यात लिहिलं: पिता अज्ञात.
लिहिताना शाळेतली शेवंता आठवली,
आणि तिच्या दाखल्यावर याच जागी
मास्तरांचा थांबलेला पेन.

मुसल्लम, आमचा हरसूसी रखवालदार, कागद वाचत नाही.
त्याला सांगितलं तर चहात वेलची ठेचून टाकत
मोडक्या हिंदीत म्हणाला,
तो? त्याच्या डाव्या मागच्या खुराला चीर आहे.
दोन हिवाळे येतोय. पूर्वेकडून. धुक्यात.
मग बोलला का नाहीस?
तुम्ही फक्त लेंड्या मागितल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता निघालो.
समुद्र इथून दिसत नाही,
पण पहाटे त्याची वाफ चालत येते
आणि बसते खडीवर, काटेरी झुडपांवर, जनावरांच्या पाठींवर.
ते एकमेकांच्या अंगावरचं चाटतात.
पाणी म्हणून कितीतरी महिने तेवढंच.

तो दिसला नाही.
दिसला खूर, ओल्या मातीत, चिरेसकट,
आणि चार पावलांवर लेंड्या,
हात लावला तर अजून ऊन.

नळी भरली, झाकण घट्ट केलं.
चिठ्ठीवर नंबर घालायचा राहिला,
कारण त्याला नंबर नव्हता.
महा एवढंच लिहिलं
आणि पुढे जागा सोडली.

मग मुसल्लमकडे आगपेटी मागितली,
एक काडी काढून उजव्या खिशात टाकली.
तो म्हणाला, तू तर ओढत नाहीस.
म्हटलं, नाही ना.
म्हणूनच.